मुलांसाठीची चित्रचरित्रे : दिवाळीपासून श्रावणापर्यंतच्या वाचनाचा अनुभव

एखाद्या खऱ्या माणसाच्या आयुष्यातला एकच धागा धरायचा, तो साधारण ३२ ते ४८ पानांत मांडायचा, मजकूर बेताचा ठेवायचा आणि उरलेले सारे चित्रांवर सोपवायचे, अशी चित्रचरित्रांची रीत असते. कराड तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या दिवाळीपासून मी अशी पुस्तके मुलांना वाचून दाखवत आहे. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मुले मोकळी असतात आणि दुसरीपासून सातवीपर्यंतची पंधरा-वीस मुले सतरंजीवर येऊन बसतात. आता श्रावण आला आहे. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले आहेत आणि कोणते पुस्तक मुले पुन्हा पुन्हा मागून घेतात, कोणते कपाटात पडून राहते, हे आता खात्रीने सांगता येते. शिक्षक, पालक आणि वाचनालय चालवणारे यांना निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. ज्या चरित्रात माणसाचे काम प्रत्यक्ष दिसते ते पुस्तक टिकते, आणि ज्यात त्याचे मोठेपण नुसते सांगितलेले असते ते एका वाचनात संपते. शाळेच्या वाचनालयांत थोरांची लहान चरित्रे पुष्कळ असतात; त्यांत जन्मगाव, आईवडिलांची नावे, पदव्या आणि शेवटी बोध असा क्रम ठरलेला असतो. ती परीक्षेला उपयोगी पडतात, परंतु एखादे मूल ती स्वतःहून दुसऱ्यांदा उघडताना मी पाहिलेले नाही. त्याउलट, पुढे ज्यांबद्दल लिहिले आहे त्या पुस्तकांची पाने हाताळून मऊ झाली आहेत.

ही बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. मी आदल्या दिवशी पुस्तक घरी दोन-तीनदा वाचते, वाक्ये मराठीत मनाशी घोळवते आणि शनिवारी पान मुलांसमोर धरून मराठीतच सांगते. अडचण खरी असते ती किमतीची. परदेशी पुठ्ठा बांधणीची पुस्तके महाग पडतात, म्हणून शक्य तिथे मी कागदी बांधणीच्या प्रती घेतल्या आणि दोन पुस्तके अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने पाठवली.

सर्वांत जास्त मागणी आजही ‘स्नोफ्लेक बेंटली’ या पुस्तकाला आहे. जॅकलिन ब्रिग्ज मार्टिन यांचा मजकूर आणि मेरी अझेरियन यांची चित्रे असलेले हे पुस्तक १९९८ मध्ये निघाले आणि त्यातील चित्रांना १९९९ चे कॅल्डेकॉट पदक, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकांतील उत्तम चित्रांसाठी अमेरिकेत दिले जाणारे पदक, मिळाले. विल्सन बेंटली (१८६५–१९३१) हा अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी. त्याला लहानपणापासून हिमकणांचे वेड होते; सूक्ष्मदर्शकाखाली एक हिमकण ठेवून तो त्याचे चित्र काढू लागे आणि चित्र पुरे होण्याआधी हिमकण वितळून जाई. तो १७ वर्षांचा असताना आईवडिलांनी साठवलेला पैसा घालून त्याला सूक्ष्मदर्शक जोडलेला कॅमेरा घेऊन दिला. त्या कॅमेऱ्याची किंमत वडिलांच्या १० गाईंच्या कळपाएवढी होती, असे पुस्तकात म्हटले आहे. आमच्या मुलांच्या घरी संकरित गाई आहेत, त्यामुळे त्यांनी तिथल्या तिथे आजच्या बाजारभावाने हिशोब मांडला आणि एवढे पैसे कोणी बर्फाच्या फोटोसाठी घालते का, यावर बराच वेळ वाद झाला. मी तो मुद्दाम थांबवला नाही. मुलाच्या वेडासाठी एका शेतकरी कुटुंबाने काय पणाला लावले, हे कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय त्यांना समजले होते.

या पुस्तकात अपयशाला दिलेली जागा मला विशेष मोलाची वाटते. पहिल्या हिवाळ्यात बेंटलीचा एकही फोटो नीट येत नाही. पुढे भिंगाचे छिद्र अगदी लहान ठेवून प्रकाश थोडा थोडा, पण जास्त वेळ आत सोडायचा, ही युक्ती त्याला सापडते आणि जानेवारी १८८५ मध्ये हिमकणाचा पहिला फोटो मिळतो. त्यानंतर आयुष्यभरात त्याने ५,००० हून अधिक हिमकणांचे फोटो घेतले. अझेरियन यांनी ही चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरून, छापून आणि मग हाताने रंगवून तयार केली आहेत. ठसठशीत काळ्या रेषांमुळे ती मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतात, आणि समूहवाचनासाठी पुस्तक निवडताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. मुख्य गोष्ट पानाच्या मध्यभागी आणि अधिकची माहिती कडेच्या पट्टीत, अशी रचना असल्याने एकच पुस्तक दोन वयांना पुरते. लहान मुले गोष्ट ऐकतात. सहावी-सातवीतली मुले नंतर पुस्तक हातात घेऊन कडेची पट्टी लावून लावून वाचतात. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण वळवाच्या गारा साऱ्यांना ठाऊक आहेत. एप्रिलमध्ये गारा पडल्या तेव्हा काही मुलांनी त्या काळ्या पाटीवर घेऊन भिंगाखाली पाहिल्या आणि गारेच्या पोटात थरांवर थर असतात, हा शोध मला येऊन सांगितला.

याच पुस्तकातील एका लहानशा तपशिलाने आमच्या वाचनालयात मोठा बदल घडवला. बेंटली चौदा वर्षांचा होईपर्यंत शाळेत गेला नव्हता. आई त्याला घरीच शिकवी आणि तिच्याजवळ ज्ञानकोशाचे खंड होते, ते सारे त्याने वाचून काढले. ज्ञानकोश म्हणजे काय, असे एका मुलाने विचारले. आमच्याच कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर मराठी विश्वकोशाचे काही खंड कित्येक वर्षे कोणी हात न लावता उभे होते. विश्वकोशाचे काम आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि मुख्य मजकुराचे एकूण २० खंड झाले, हे मी मुलांना सांगितले आणि खंड खाली उतरवले. त्यातली भाषा त्यांना जड जाते यात शंका नाही. तरीही चित्रपत्रे पाहण्यासाठी आणि अमुक एक गोष्ट यात आहे का, हे शोधण्यासाठी ते खंड आता खालच्या फळीवरच ठेवावे लागतात. चित्रचरित्रातल्या मुलाच्या हातात पुस्तक पाहिले की आपल्या आसपासची पुस्तके मुलांना नव्याने दिसू लागतात, हा या महिन्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला अनुभव आहे.

दुसरे पुस्तक ‘तोमास अँड द लायब्ररी लेडी’. पॅट मोरा यांची कथा आणि राउल कोलोन यांची चित्रे असलेले हे पुस्तक १९९७ चे आहे. तोमास रिव्हेरा (१९३५–१९८४) या मेक्सिकन-अमेरिकन लेखकाचे बालपण त्यात आहे. त्याचे आईवडील शेतमजूर होते आणि पिकांच्या हंगामामागे कुटुंब टेक्सासहून दूर उत्तरेला आयोवापर्यंत जात असे. रात्री आजोबा गोष्टी सांगत. एक दिवस तेच नातवाला म्हणतात की माझ्या गोष्टी तुला आता पाठ झाल्या, गावात वाचनालय आहे, तिथे आणखी पुष्कळ मिळतील. तो जातो, दाराशी घुटमळतो, ग्रंथपाल बाई त्याला आत बोलावून आधी प्यायला पाणी देतात, मग पुस्तके देतात आणि स्वतःच्या नावावर दोन पुस्तके घरी न्यायला देतात. रात्री तो ती पुस्तके घरच्यांना वाचून दाखवतो.

हे पुस्तक आमच्याकडे कसे वाचले गेले, हे सांगण्यासाठी आमच्या भागाची माहिती द्यायला हवी. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि त्या कुटुंबांतली मुले हंगाम संपेपर्यंत इथेच असतात. त्यांच्यासाठी काही ठिकाणी साखरशाळा, म्हणजे हंगामापुरत्या शाळा, चालल्या, काही मुले गावच्या शाळेत बसतात, आणि पुष्कळशी धाकट्या भावंडांना सांभाळत कोपीवरच राहतात. त्यांतली काही मुले शनिवारी आमच्याकडे येऊ लागली होती, पण सतरंजीच्या कडेला बसत आणि बोलत नसत. तोमासचे कुटुंब जुन्या मोटारीत सामान भरून निघते, ते पान उघडले तेव्हा त्यांच्यापैकी एक मुलगा, जो तोवर एकदाही बोलला नव्हता, तो उभा राहून सांगू लागला की ट्रकमध्ये आधी काय भरतात, गाडीबैल कसे चढवतात, भांड्यांचे पोते कुठे ठेवतात आणि शेवटी माणसे कुठे बसतात. त्याला सारे माहीत होते आणि गावातल्या मुलांना यातले काहीही माहीत नव्हते. त्या दिवशी पुस्तक निम्मेच वाचून झाले, आणि तसे झाले याचे मला समाधान आहे. पुढे या मुलांनाही पुस्तके घरी नेता यावीत म्हणून अनामत रकमेची अट आम्ही त्यांच्यापुरती काढून टाकली. पुस्तके चिखलात, पाचटात जातील अशी शंका काहींनी घेतली होती. हंगाम संपून टोळ्या परतल्या तेव्हा सारी पुस्तके परत आली होती.

या पुस्तकाची एक मर्यादाही सांगते. कोलोन यांची चित्रे तपकिरी-सोनेरी छटांची, बारीक ओरखड्यांनी पोत दिलेली आहेत. जवळून पाहिली तर अतिशय सुंदर, परंतु लांबून ती अंधूक दिसतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात गुळगुळीत पान चकाकते. त्यामुळे हे पुस्तक पाच-सहा मुलांना भोवती घेऊन वाचावे. शेवटच्या टिपेत तोमास रिव्हेरा पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड परिसराचे चान्सलर झाले आणि तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले आहे, ही माहिती येते. ती टीप आधी सांगू नये. पुस्तक मिटण्याच्या बेतात असताना ती वाचली की मुले पहिल्या पानाकडे परत जातात.

रीटा लोरेन हबर्ड यांचे ‘द ओल्डेस्ट स्टुडंट’ (२०२०) हे पुस्तक मी काहीशा साशंक मनाने आणले होते, कारण नायिका वृद्ध असल्यावर मुले रमतील का, असे वाटले होते. मेरी वॉकर १८४८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात गुलामगिरीत जन्मली. १५ वर्षांची असताना मुक्त झाली, जन्मभर राबली, आणि वयाच्या ११६ व्या वर्षी टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात वाचायला शिकली. ओगे मोरा यांनी रंगीत कागद कापून चिकटवून चित्रे केली आहेत, आणि मेरीला वाचता येत नसते तोवर चित्रांतल्या पाट्यांवर व पुस्तकांत अक्षरांऐवजी नुसते गिरगोटे दिसतात. हे माझ्या आधी पहिल्यांदा पाहिले ते दुसरीतल्या मुलीने, जी स्वतः अजून अडखळत वाचते. अक्षर न येणाऱ्याला जग कसे दिसते, हे शब्दांत सांगायला मला जमले नसते. १८४८ हे साल मुलांना आधीच ठाऊक होते, कारण त्याच वर्षी सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे ती शाळेत शिकली आहेत. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि तिथे आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शिकायला जातात, हेही मी सांगितले. त्यानंतर हे पुस्तक आलटून पालटून घरोघरच्या आज्यांकडे जात राहिले आहे.

याच पुस्तकामुळे सत्य आणि कल्पना यांचा प्रश्न निघाला. मेरीच्या आयुष्यातील पुष्कळ काळाची नोंदच उपलब्ध नाही, त्यामुळे काही तपशील कल्पनेने भरले आहेत, असे लेखिकेने टिपेत मोकळेपणाने सांगितले आहे. मोठ्या मुलांना हे रुचले नाही. खरे असेल तेवढेच लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते अशी टीप ज्या पुस्तकात असते ते पुस्तक मुलांचा आदर करते. थोरांच्या बालपणीचे काल्पनिक संवाद खरे म्हणून छापणारी पुस्तके आपल्याकडेही आहेत, आणि त्यांबद्दल अशीच शंका मुले आता स्वतःहून घेऊ लागली आहेत.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी ‘भीमायन’ ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंगांवरचे हे पुस्तक ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, आणि चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. यात चौकोनी चौकटी नाहीत. भिंतींवर काढल्या जाणाऱ्या नक्षीच्या वळणांनी पान विभागले जाते. प्रेमाने किंवा साधेपणाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. ही खूण एकदा समजली की मजकूर वाचण्याआधीच कोण कसे बोलत आहे ते मुले सांगतात. १९०१ मध्ये भीम आणि त्याची भावंडे वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली, मसूर स्थानकावर उतरली आणि जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. मसूर आमच्याच तालुक्यात आहे. आमची मुले त्या स्थानकावरून रेल्वेत बसलेली आहेत. त्या दिवशी खूप प्रश्न निघाले आणि काहींची उत्तरे घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारावी लागली. हे पुस्तक एका बैठकीत संपवण्याचा प्रयत्न करू नये. पाने इतकी गच्च आहेत की दोन-तीन मुलांनी मिळून, बोट ठेवून पाहावीत. आणि वाचून दाखवणाऱ्याने आधी स्वतः नीट अभ्यास करून बसावे.

पावसाळ्याच्या तोंडावर ‘ॲनाज एक्स्ट्राऑर्डिनरी एक्सपेरिमेंट्स विथ वेदर’ वाचले. नंदिता जयराज यांचा मजकूर आणि प्रिया कुरियन यांची चित्रे असलेले हे पुस्तक ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मोफत मिळते, त्यामुळे ज्या शाळेकडे पुस्तकांसाठी पैसे नाहीत तिने इथूनच सुरुवात करावी. हे पुस्तक ज्यांच्यावर आहे त्या हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांचा जन्म १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवसाला त्यांनी हिऱ्याची कर्णफुले नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केले, आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू होऊन हवामानाची उपकरणे देशातच बनावीत यासाठी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. बेंटलीच्या घरचे ज्ञानकोशाचे खंड आणि ॲनाने मागितलेले खंड यांचा संबंध मुलांनी मी न सांगता जोडला. दोघांचेही काम हवामानाशी निगडित आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक झाला, तो वाचनालयाच्या कट्ट्यावर ठेवला आहे आणि त्याची वही पाचवीतल्या दोन मुली ठेवतात. छापील प्रतीबाबत एवढेच सांगते की साध्या कागदावरच्या रंगीत छपाईत प्रिया कुरियन यांच्या चित्रांतील बारीकसारीक गंमत हरवते. शक्य असल्यास जाड कागद वापरावा.

टिकाऊपणाचे बोलायचे तर कागदी बांधणीच्या एका पुस्तकाची मधली पाने पावसाळ्यात सुटली आणि ती शिवून घ्यावी लागली. वेष्टने सुरुवातीलाच काढून ठेवलेली बरी. वाचनाचा वेग किंवा परीक्षेतले गुण यांत फरक पडेल, या अपेक्षेने कोणी ही पुस्तके घेऊ नयेत. आमच्याकडे अडखळत वाचणारी मुले अजूनही अडखळतातच, मात्र आता ती पुस्तक उघडून बसतात आणि अडले की विचारतात. तीन-चार वर्षांच्या मुलांना यांतले एकही पुस्तक देऊ नये, कारण खऱ्या माणसाच्या आयुष्यातला काळ पुढे सरकतो, हे त्यांना अजून उमगत नाही.

मराठीत या प्रकारचे काम व्हावे, असे मला मनापासून वाटते, आणि माझी पहिली मागणी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या चित्रचरित्राची आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून परत आलेल्या या माणसाने मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला, त्यासाठी मंडळ उभारले, वर्गणीदार जोडले आणि लेखकांचा ताफा कामाला लावला. यात चित्रे काढण्याजोगे पुष्कळ आहे: हस्तलिखितांच्या चळती, छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार, मुद्रिते तपासणारी माणसे, टपालाने गावोगावी निघालेले जड खंड. कोणी प्रकाशक आणि चित्रकार हे मनावर घेणार असेल, तर कच्च्या मसुद्याचे वाचन आमच्या शनिवारच्या मुलांसमोर करून त्यांचे प्रश्न लिहून पाठवण्याची तयारी मी आनंदाने दाखवते.